सासूबाई सापडत नाहीत

सोमवार, ३

मॅडमनी आज जाहीर करून टाकलं. पुढच्या एक तारखेपासून आपल्या दवाखान्यातून हाताने लिहिलेला एकही कागद पेशंटच्या हातात जाणार नाही. चष्म्याचा नंबर, डोळ्यात घालायचे थेंब, पुढची तारीख, सगळं छापील. मॅडम डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टर आहेत, पण त्यांचं अक्षर वाचायला धडधाकट डोळ्यांच्या माणसालाही चष्मा लागेल, हे कुणीतरी त्यांच्या तोंडावर बोललेलं दिसतंय.

कॉम्प्युटर चार. एक माझ्या नोंदणीच्या टेबलावर, एक तपासणीच्या खोलीत, एक मॅडमसमोर, एक चष्म्याच्या काउंटरवर. प्रिंटर एकच, माझ्या उजव्या हाताला. गेल्या महिन्यात जोडणीवाल्यांनी चारही मशीनवर विंडोज काढून लिनक्स घातलं, मॅडमच्या हट्टापायी पडद्यावरची भाषा मराठी केली, आणि लगेच दुसऱ्या गावी नोकरी लागली म्हणून निघूनही गेले. जाताना मला दोन पानांचं टाचण देऊन गेले. आता चारही खोल्यांतून या एका प्रिंटरवर छापता आलं पाहिजे. आणि ते करायचं कुणी? तर नोंदणीच्या खुर्चीतल्या बाईनं. मी म्हटलं, "मॅडम, घरातला मिक्सर अडला तरी मी शेजारच्यांना हाक मारते." म्हणाल्या, "शिकाल." झालं, विषय संपला.

म्हणून ही वही. दवाखान्याची दोन वर्षांपूर्वीची अपॉइंटमेंटची डायरी, अर्धी कोरी होती. काय केलं आणि काय बिघडलं ते लिहून ठेवीन म्हणते. दवाखाना उघडायच्या आधी वीस मिनिटं निवांत असतात. घरात एवढी निवांत वीस मिनिटं मिळत नाहीत, त्यामुळे घरचंही इथेच येईल.

घरचं म्हणजे हे की वन्संचा फोन आला. तीस तारखेला येतायत. सासूबाईंना कायमचं त्यांच्याकडे न्यायचं की नाही ते तेव्हा ठरवायचं. हे म्हणाले, "तू म्हणशील तसं." बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं! खरं लिहू का? मला त्या गेलेल्या हव्या आहेत. लिहिलं. आता खोडणार नाही.

मंगळवार, ४

प्रिंटर लिनक्सला ओळख करून द्यायचा होता. वायर लावली, त्यानं स्वतःहून ओळखलं, आणि नाव विचारलं. नावात मोकळी जागा चालत नाही म्हणे. चष्मेवाले मागे उभे राहून चहा पीत होते. (चष्म्याचं काउंटर सांभाळतात ते. वीस वर्षं तिथेच आहेत, मला ताई म्हणतात.) त्याच वेळी प्रिंटरनं उगाचच घरघर केली, कागद अर्धा आत ओढला आणि तसाच धरून बसला.

"हे मशीन कुणाचं ऐकणाऱ्यातलं नाही, ताई," चष्मेवाले म्हणाले. "काम करायच्या आधी कुरकुर, काम झाल्यावर कुरकुर."

माझ्या हातांनी टाइप करून टाकलं, इंग्रजी अक्षरांत, सलग: सासूबाई. खाली वर्णनाची एक चौकट असते, तिथे मराठीत पण: सासूबाई. चष्मेवाल्यांना एवढं हसू आलं की चहा सांडला. पडद्यावर लगेच आलं, "सासूबाई तयार आहे." मी म्हटलं, "आहेत म्हणावं, आहेत. वयाचा मान आहे की नाही काही!"

घरी गेले तर खऱ्या सासूबाई पेटल्या होत्या. सकाळी झाडताना मी स्वयंपाकघरातली खुर्ची हातभर सरकवली होती, ती परत जागेवर ठेवली नाही. तिच्यावर आपटल्या. "या घरात खुर्च्या पाय फुटल्यासारख्या फिरतात," म्हणाल्या. एवढी मोठी खुर्ची समोर असून आपटायचं आणि वर मलाच बोलायचं. गेलं वर्षभर हेच चाललंय. दूध उतू जातं, कप फुटतात, फिरायला चला म्हटलं तर नको. पन्नास वर्षं शिवणकाम शिकवलेली बाई, पण मशीन देऊन टाकलं. का, तर कंटाळा आला. माझ्याकडे रागाने बघायचं सोडून दुसरीकडे कुठेतरी बघत बोलतात, त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

गुरुवार, ६

टाचणात लिहिलंय की आधी माझ्या कॉम्प्युटरवर "हा प्रिंटर सामायिक करा" या चौकटीत खूण करायची. मग बाकीच्या तिघांवर माझ्या कॉम्प्युटरचा नंबर घालून प्रिंटर जोडायचा. खूण केली. चष्म्याच्या काउंटरवर नंबर घातला. आणि यादीत सासूबाई अवतरल्या! मी आणि चष्मेवाले अक्षरशः नाचलो.

नाच फार वेळ टिकला नाही. जोडताना लिनक्सनं प्रिंटरची जात, म्हणजे मॉडेल, विचारली तेव्हा चष्मेवाल्यांनी यादीतली पहिलीच निवडली होती. चष्म्याचा एक नंबर छापायला पाठवला तर इकडे सासूबाई इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा भुगा ओकायला लागल्या. पानामागून पान, वरपासून खालपर्यंत गच्च. थांबवायचं कुठून हेच कळेना. शेवटी मी वायर उपसली. नव्वद पानं वाया.

एका बाजूने कोरी होती म्हणून गठ्ठा घरी नेला. सासूबाई वन्संना पत्रं लिहितात, फोनवर नीट बोलता येत नाही म्हणतात. म्हटलं, तेवढाच कागद कामी येईल. त्यांनी गठ्ठा हातात घेतला, वरून हात फिरवला, म्हणाल्या, "चांगला गुळगुळीत आहे." आभार वगैरे नाही.

रविवार, ९

(हे घरीच लिहितेय, डायरी पिशवीत राहिली होती.)

आज सुट्टी. चष्मेवाले मात्र बिचारे दवाखान्यात जाऊन बसले, गर्दी नसताना जमतंय का बघतो म्हणाले. साडेदहाला फोन. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे मी स्वयंपाकघरात उभी राहून ओरडतच बोलत होते.

"हो हो, सासूबाई दिसतायत, पण नुसत्या दिसतात. काम शून्य. मला माहितीये... बंद करून बघा. बघितलं? तरी अडून बसल्यात? मग सरळ काढून टाका. मला काय विचारताय, काढून टाका! हो, सगळ्या खोल्यांमधून. उगीच जागा अडवून बसल्यात... हो, मग नव्याने बघू काय ते."

फोन ठेवून वळले तर खऱ्या सासूबाई दारात. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे.

"काही हवंय का, आई?"

"नाही. दूध आलं का बघायला आले."

दूध सकाळी सहाला येतं. त्या वळल्या आणि भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेल्या. त्या हातानं भिंतीवर कमरेच्या उंचीला काळपट रेघ पडलीये, पार खोलीपासून ओट्यापर्यंत. तीस तारखेच्या आधी रंग द्यायला हवा, वन्सं बघतील.

चष्मेवाल्यांनी काढून परत जोडलं, या वेळी बरोबर जात निवडून. छापलं गेलं. एक खोली झाली.

सोमवार, १०

रात्रीच्या जेवणाला बसलो असताना सासूबाई आपणहून म्हणाल्या, "ताईला कळवा, मी येते म्हणून. तीसची वाट बघायला नको, केव्हाही नेलं तरी चालेल." (ताई म्हणजे वन्सं.)

हे माझ्याकडे बघायला लागले. मी ताटाकडे. गेल्या आठवड्यात याच बाईनं "मला इथून चार खांद्यांवर न्या" असं सांगून वन्संचा फोन आपटला होता. मग एकाएकी हे काय?

मला हवं होतं तेच झालंय, तरी आज दिवसभर जीव थाऱ्यावर नाही. माणसाचं मन म्हणजे विचित्रच.

शुक्रवार, १४

तीन दिवस लिहायला सवड झाली नाही. रोज संध्याकाळी तिन्ही खोल्यांतून छापून बघायचं आणि रोज सकाळी सगळं मोडलेलं सापडायचं. पडद्यावर, "सासूबाई सापडत नाही." पेशंट खोळंबलेले. तपासणीच्या खोलीतून एक हाक, चष्म्याच्या काउंटरवरून दुसरी, "ताई, सासूबाई गेल्या!" काल एक आजोबा हळहळून मला म्हणाले, "फार वाईट झालं हो, आज तरी सुट्टी घ्यायची."

शेवटी जोडणीवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरला रोज सकाळी नवा नंबर मिळतोय. बाकीचे तिघं कालच्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतात, तिथे कुणी नसतं. ज्याच्याकडे सगळ्यांना यायचं असतं त्याचा पत्ता बदलू द्यायचा नसतो, ताई. पक्का करून टाका."

कुठे जाऊन काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं. तीनदा चुकलं, चौथ्यांदा झालं. जेवताना मी हे मोठ्या फुशारकीने घरात सांगितलं. हे नुसतं हं हं करत होते. सासूबाईंनी मात्र विचारलं, "पत्ता पक्का केलास?"

"केला."

"बरं केलंस," म्हणाल्या, आणि पाण्याचा पेला घ्यायला गेल्या तो आडवा केला. मी पुसून घेतलं. आज त्यांनी मला दोष दिला नाही. नाहीतर एरवी "पेला काठावर कुणी ठेवला" म्हणून माझ्यावरच आलं असतं.

बॅग भरायला घेतलीये त्यांनी. साड्यांच्या घड्या मात्र अजून कडा जुळवून घालतात, बघत राहावं.

सोमवार, १७

आज सकाळीच माझं डोकं फिरलं, आणि मी बोलले. नको तितकं बोलले.

सासूबाईंच्या उशाशी पत्र होतं, मी आणलेल्या कागदावर. टपालात टाकायचं असेल म्हणून उचललं, तर कोरी बाजू तशीच सोडून छापील बाजूवर लिहिलेलं! त्या इंग्रजी भुग्यावरच. मागची बाजू स्वच्छ पांढरी. मी म्हटलं, "आई, हा काय हट्ट? मी आणलेला कागद वापरायचा नसेल तर तसं सांगा. हे असं टोमणा मारल्यासारखं कशाला?"

"कुठल्या बाजूवर लिहिलंय?" म्हणाल्या.

"कुठल्या म्हणजे? दिसत नाही का?"

त्यांनी चादरीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "राहू दे. फाडून टाक ते." मी फाडलं नाही. रागारागाने घडी घालून पर्समध्ये टाकलं. हे आले की दाखवीन म्हटलं, बघा तुमच्या आईचं.

आजपासून मॅडमच्या खोलीतूनही न अडता छापलं जातंय. आनंद व्हायला हवा होता.

बुधवार, १९

आजचं आजच लिहून ठेवते.

ह्यांना शाळेच्या गाडीवर जादा फेऱ्या होत्या, त्यामुळे ते पत्र दाखवायचं राहिलंच. आज सकाळी चष्मेवाल्यांपुढे मी आमच्या घरातलं गाऱ्हाणं काढलं, आणि पुरावा म्हणून पर्समधून कागद काढून त्यांच्या हातात दिला. "बघा, कोरी बाजू सोडून मुद्दाम छापलेल्यावर लिहितात."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. कागद खिडकीशी नेला. एक ओळ वर चढत जाऊन आधीच्या ओळीवर बसली होती. पुढची कागदाच्या बाहेरच गेलेली, अर्धा शब्द कागदावर, अर्धा बहुतेक चादरीवर. मी ते बघितलंच नव्हतं. मला फक्त बाजू दिसली होती.

"ताई," ते म्हणाले, "मुद्दाम नाही हो. त्यांना कोरी बाजू कुठली हेच कळलेलं नाही."

मी उभीच राहिले. खुर्ची. कप. मशीन. भिंतीवरची रेघ. दुसरीकडे बघत बोलणं. आणि मी रोज साठ माणसांना विचारते, डोळ्यांची काय तक्रार आहे?

दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला माहीत आहे. खिडकीशी उभी राहून वाचलं. छापील अक्षरांतून एकेक शब्द सोडवायला चष्मेवाल्यांनी भिंग दिलं. इथे उतरवून ठेवते, कारण मूळ कागद मी त्यांना परत देणार आहे.

"ताईस आशीर्वाद. सूनबाई परवा फोनवर कुणाला तरी सांगत होती, सासूबाई नुसत्या बसून असतात, काढून टाका, सगळ्या खोल्यांमधून काढा. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. दिवसभर राबून येते आणि मी फोडलेले कप गोळा करते. मी येते तुझ्याकडे. एकच मागते, आल्यावर पहिले चार दिवस मला एकटीला घरात फिरू दे. इथे पलंगापासून मोरी अकरा पावलं आहे, ओटा सोळा. तुझ्याकडची मोजायला वेळ लागेल. डावा डोळा गेल्या पावसाळ्यापासून अंधारच आहे, उजव्यातून धुक्यासारखं दिसतं. हिला सांगू नकोस. डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते, लोक तिला हसतील."

लोक मला हसतील!

नोंदणीचं टेबल चष्मेवाल्यांवर सोपवून मी घरी गेले. सासूबाई ओट्याजवळ बसून मटार सोलत होत्या. टोपलीकडे न बघता, एकही दाणा खाली नाही. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि तोंडातून निघालं काय, तर, "आई, सासूबाई म्हणजे प्रिंटर."

"काय?"

"छापायचं मशीन. दवाखान्यातलं. त्याचं नाव मी सासूबाई ठेवलंय. फोनवर त्याला काढायला सांगत होते. तुम्हाला नाही हो. शप्पथ तुम्हाला नाही."

त्यांचे हात थांबले. "मशीनला सासूबाई? का?"

खोटं काय बोलणार? "कारण ते कुणाचं ऐकत नाही."

"कुरकुरतं?"

"फार."

"कागद गिळतं?"

"गिळतं."

"मग बरोबर आहे नाव," म्हणाल्या, आणि आधी हसल्या आणि मग हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी तर आधीपासूनच रडत होते. "मला का नाही सांगितलंत?" म्हटलं. म्हणाल्या, "दिसत नाही म्हटलं की माणसाला बसवून ठेवतात, अगं. मला बसून राहायचं नव्हतं."

गुरुवार, २०

सकाळी पहिल्या नंबरावर मी माझ्या सासूबाईंचं नाव घातलं. मॅडमनी सगळी कामं बाजूला ठेवून पाऊण तास तपासलं. डाव्यात काचबिंदू, तो डोळा गेला, आता काही होणार नाही. उजव्यात मोतीबिंदू पार पिकलाय, पण मागचा पडदा चांगला आहे. ऑपरेशन केलं तर दिसेल. डोळ्यातला दाब मात्र याही बाजूला वाढायला लागलाय, जन्मभर थेंब घालावे लागतील.

"एक वर्ष आधी आल्या असत्या तर..." मॅडम म्हणाल्या आणि माझा चेहरा बघून थांबल्या. वाक्य पुरं केलं नाही तरी मला पुरं ऐकू आलं. मागच्या खोलीत कागदांच्या खोक्यावर बसून मी पोटभर रडले. ते एक वर्ष मी त्यांच्यासमोर काढलं. एकाच घरात, एकाच ओट्यावर. याची भरपाई कुठल्याच थेंबांनी व्हायची नाही.

थेंबांचा कागद मॅडमनी आतून पाठवला आणि माझ्या बाजूला प्रिंटर घरघरला. सासूबाई बाकावर होत्या, कान टवकारून म्हणाल्या, "हीच का ती?"

बुधवार, २६

ऑपरेशन झालं. वीस मिनिटं लागली. मला मात्र ती वीस मिनिटं जन्मभर पुरतील. डोळ्यावर पट्टी आहे. "घरात खुर्च्या जागेवर आहेत ना?" हा पहिला प्रश्न. सगळ्या आहेत, मी फरशीवर खडूने चौकोन आखून ठेवलेत.

रविवार, ३०

वन्सं आल्या, आईच्या गळ्यात पडून रडल्या, माझ्याशी पाच मिनिटं बोलल्या नाहीत. त्यांचा राग मी सोसला, तो माझ्या वाटणीचाच होता. मग हे म्हणाले, "आता ठरवायचं ते ठरवू. ही म्हणेल तसं."

सासूबाईंची बॅग दाराशी भरलेली होती. त्या तोंड माझ्या दिशेला वळवून बसल्या होत्या. त्यांना भीती वाटत होती, बावीस वर्षांत पहिल्यांदा मला ती दिसली. या बाईला माझी भीती वाटावी!

मी वन्संना म्हटलं, "आईंचा पत्ता बदलायचा नाही. सगळ्यांनी यायचं ते त्यांच्याकडे इथेच यायचं, तुम्हीसुद्धा. दर महिन्याला या." आणि बॅग उचलून आत नेली आणि एकेक वस्तू होती तिथे ठेवली. कंगवा डाव्या खणात, शाल उशाला, काठी पलंगाच्या कडेला. मागून आवाज आला, "काठी जरा पुढे. एक वीत." एक वीत पुढे केली.

भिंतीला रंग दिलेला नाही. ती रेघ आता राहील.

सोमवार, १

आजपासून सगळं छापील. उघडतानाच बाहेर चाळीस माणसं, त्यात सासूबाई, पट्टी बदलायला. त्यांना माझ्याच टेबलाशेजारी बाकावर बसवलं. पहिले वीस कागद चारही खोल्यांतून सटासट आले. मॅडमनी आतून अंगठा उंचावून शाबासकी दिली. मला वाटलं, जिंकले.

एकविसाव्या कागदाला बंद. पडद्यावर, "सासूबाई प्रतिसाद देत नाही." तपासणीच्या खोलीत थांबलं, मॅडमकडे थांबलं, आणि चष्म्याच्या काउंटरवरून चष्मेवाले गर्दीच्या डोक्यावरून ओरडले, "ताई! सासूबाई सापडत नाहीत!"

"इथेच आहे," बाकावरून खणखणीत उत्तर गेलं. "नीट बघा. डोळ्यांच्या दवाखान्यात काम करता ना?"

अख्खी खोली हसली. मी खाली वाकून बघितलं तर खऱ्या सासूबाईंची काठी वायरीत अडकली होती आणि वायर मशीनमधून निघाली होती. एका सासूबाईंनी दुसरीला बंद पाडलं होतं! वायर खोचली, "पुन्हा सुरू करा" दाबलं, अडकलेले तीन कागद एकदम बाहेर आले.

दुपारी मॅडमनी मला आत बोलावून सांगितलं, पेशंटांपुढे बरं दिसत नाही, त्या प्रिंटरचं नाव बदला. मी हो म्हणून आले. सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "माझं नाव कोण काढतंय ते बघतेच." मॅडमना जाऊन तसंच्या तसं सांगितलं. मॅडमनी पुन्हा विषय काढला नाही.

मंगळवार, ९

चष्मेवाल्यांनी स्वतः घासून दिलेला चष्मा काल मिळाला. उजवी काच नंबराची, डावी साधी.

सकाळी मी निघायच्या घाईत असताना सासूबाई म्हणाल्या, "ताईला चार ओळी लिहायच्यात. कागद दे." खणात तोच गठ्ठा होता, नव्वदमधला उरलेला. वरचा कागद काढून दिला, मुद्दाम काही न सांगता, आणि चपला घालायचं निमित्त करून दारात थांबले.

त्यांनी कागद खिडकीशी धरला. तो भुगा बराच वेळ बघितला. "हे काय छापलंय तुझ्या सासूबाईंनी?" म्हणाल्या. "एक अक्षर लागेल तर शपथ." मग कागद उलटा केला, कोरी बाजू वर घेतली, तळहाताने सपाट केली, आणि डाव्या कोपऱ्यात, वर, समासाची जागा सोडून, तारीख घातली.

मला दवाखान्यात पोचायला आज दहा मिनिटं उशीर झाला.